बाटली, झोप आणि राग

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेत एका प्रश्नाला उत्तर देताना अन्न व औषध प्रशासन खात्याचे तेव्हाचे मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी एक घोषणा केली. जास्त कॅफीन असलेल्या ‘एनर्जी ड्रिंक’ पेयांची विक्री शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात करायला लवकरच बंदी घालण्यात येईल, अशी ती घोषणा होती. ही बातमी वाचून अनेक शिक्षकांना बरे वाटले असेल. वर्गात मुले चिडखोर झाली आहेत, क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जातात, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. त्याच मुलांच्या दप्तरात अशा बाटल्याही सापडतात. तेव्हा ‘हे सगळे त्या बाटलीमुळेच’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

हा निष्कर्ष कितपत बरोबर आहे? कॅफीनमुळे मुले खरोखर आक्रमक होतात का? आणि त्याच्या जोडीला दारू आली तर काय होते? प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. चुकीच्या कारणासाठी एखाद्या मुलाला दोषी ठरवले, तर खरे कारण तसेच राहते आणि मुलगा मात्र आपल्यापासून दुरावतो. म्हणून या प्रश्नाकडे आपण जरा सावकाश पाहू.

बाटलीत असते तरी काय?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा कॅफीनयुक्त पेयाच्या एका लिटरमध्ये कमीत कमी १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन असावे लागते. मुले, गरोदर व स्तनदा माता आणि कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्ती यांनी हे पेय घेऊ नये, अशी सूचनाही वेष्टनावर छापावी लागते. ही सूचना इतक्या बारीक अक्षरात असते की बहुतेक विद्यार्थ्यांनी ती कधी वाचलेलीच नसते.

आता थोडे गणित करू. २५० मिलिलिटरच्या बाटलीत या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. घरच्या एक कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते. म्हणजे एक बाटली सुमारे दोन कप चहाच्या बरोबरीची झाली. ‘मग चहाला कोणी नावे ठेवत नाही, या बाटलीचाच एवढा गाजावाजा कशाला?’ असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील आणि त्याचा प्रश्न रास्त आहे.

उत्तराचे तीन भाग आहेत. पहिला भाग वजनाचा. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मुलांसाठी व किशोरांसाठी दिवसाला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ३ मिलिग्रॅम कॅफीन ही सुरक्षिततेची मर्यादा मानली. ४५ किलो वजनाच्या विद्यार्थ्यासाठी ती १३५ मिलिग्रॅम होते. दोन बाटल्या प्यायल्यास १५० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादा ओलांडली. एक बाटली आणि घरचा दोन वेळचा चहा, एवढ्यानेही ती ओलांडली जाऊ शकते. दुसरा भाग पिण्याच्या पद्धतीचा. गरम चहा घोट घोट घ्यावा लागतो. थंड आणि गोड पेय एका दमात संपते. तिसरा भाग वेळेचा, आणि तोच आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. चहा सहसा सकाळी आणि दुपारी घेतला जातो. ही बाटली मात्र ‘रात्री अभ्यासाला जागायचे आहे’ म्हणून उघडली जाते.

घंटेत कोंबलेले कापड

आपण जागे असतो तेव्हा मेंदूतील पेशींच्या कामातून ॲडेनोसिन नावाचा पदार्थ तयार होऊन साचत जातो. चेतापेशींवर त्याच्यासाठी विशिष्ट ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसा ॲडेनोसिन त्या ग्राहींवर बसतो आणि मेंदूला संदेश मिळतो: आता पुरे, विश्रांती घे. दिवसभराच्या जागरणानंतर येणाऱ्या झोपेमागे हे एक मोठे कारण आहे.

कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनसारखीच आहे. त्यामुळे तो त्याच कुलपात जाऊन बसतो, पण कुलूप उघडत नाही. खरी किल्ली बाहेर ताटकळते. थकवा जिथल्या तिथे असतो, फक्त त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही. शाळेच्या घंटेत कोणी कापड कोंबले तर शाळा सुटायची वेळ टळत नाही, एवढेच की ती झाल्याचे कोणाला कळत नाही. कॅफीनने शक्ती येते असे म्हणणे म्हणूनच फसवे आहे. ते नवी शक्ती देत नाही, थकव्याची घंटा बंद करते.

शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला प्रौढ माणसात सरासरी सुमारे पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या ७५ मिलिग्रॅमपैकी रात्री दोन वाजता जवळजवळ ३७ मिलिग्रॅम रक्तात फिरत असते. म्हणजे मध्यरात्री कपभर चहा पिऊन अंथरुणावर पडण्यासारखेच झाले. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रौढांना झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तेव्हाही त्यांची झोप तासाभराहून अधिक घटली.

किशोरवयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच थोडे उशिराने चालते. झोप उशिरा येते आणि सकाळी लवकर जाग येत नाही. त्यात क्लासची वेळ सकाळी सहाची, शाळा सातची आणि रात्रीची बाटली. झोपेचा हिशेब कुठेच जुळत नाही. दुसऱ्या दिवशी डोळे जड होतात, म्हणून पुन्हा बाटली लागते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपले आपण चालू राहते.

मग राग कुठून येतो?

मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका, भीती, राग यांची पहिली वर्दी तिथे लागते. कपाळामागचा मेंदूचा भाग या वर्दीची शहानिशा करतो: ‘थांब, त्याचा धक्का चुकून लागला असेल.’ २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुणांना सुमारे ३५ तास जागे ठेवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. मन अस्वस्थ करणारी छायाचित्रे पाहताना या जागरण झालेल्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया झोप घेतलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक होती, आणि कपाळामागच्या भागाशी तिचा दुवा कमजोर झाला होता. दोन रात्री न झोपलेला माणूस उगाच चिडतो, हे आपल्या अनुभवाचे आहे. त्यामागची यंत्रणा अशी दिसते.

कपाळामागचा हा भाग माणसात सर्वांत उशिरा, विशीच्या मध्यापर्यंत, पक्व होत जातो. म्हणजे किशोरवयात गाडीचे इंजिन जोरात असते, पण ब्रेक अजून पुरते बसलेले नसतात. अपुऱ्या झोपेने ते आणखी सैल होतात.

संबंध आणि कारण

आइसलँड या छोट्या देशात शाळकरी मुलांच्या मोठमोठ्या पाहण्या नियमितपणे होतात. तेथील संशोधकांना २०११ मध्ये असे आढळले, की जास्त कॅफीन घेणाऱ्या १४-१५ वर्षांच्या मुलांत दिवसा येणारी झोप आणि राग ही दोन्ही जास्त होती. २०१३ मध्ये त्यांनी १५-१६ वर्षांच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवरून कॅफीन आणि मारामारीसारखे वर्तन यांतही संबंध दाखवला. अमेरिकेतील बोस्टन शहरात १,८७८ विद्यार्थ्यांची पाहणी झाली. आठवड्याला पाचपेक्षा जास्त डबे गोड फसफसणारी पेये पिणाऱ्यांत शस्त्र बाळगण्याचे आणि मित्र, भावंडे यांच्याशी हिंसेने वागण्याचे प्रमाण ९ ते १५ टक्के-गुणांनी अधिक निघाले.

इथे विज्ञानाच्या शिक्षकाने थांबून फळ्यावर एक वाक्य लिहावे: दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. ज्या घरात भांडणे आहेत, जेवणाची वेळ ठरलेली नाही, मुलाच्या झोपेकडे कोणाचे लक्ष नाही, त्या घरातला मुलगा अशी पेये जास्त पीत असेल आणि चिडतही जास्त असेल. तेव्हा बाटली हे कारण नसून खूण असेल. उलटेही शक्य आहे: मुळात साहसाची आवड असणारी मुलेच अशा बाटल्यांकडे वळत असतील. बोस्टनच्या संशोधकांनीही पेयामुळेच हिंसा होते असा दावा केला नाही. आजवरच्या माहितीवरून इतके म्हणता येते, की झोप हिरावून घेण्याच्या मार्गाने कॅफीन रागाला हातभार लावू शकते. केवळ एका बाटलीने शांत मुलगा हिंसक होतो, असे मात्र म्हणता येत नाही.

मद्यार्काची गोष्ट वेगळी

दारूतील मादक घटक म्हणजे मद्यार्क, अर्थात इथिल अल्कोहोल. मेंदूत ‘गाबा’ नावाचा रासायनिक दूत चेतापेशींना शांत करतो, तर ‘ग्लुटामेट’ त्यांना उत्तेजित करतो. मद्यार्क पहिल्याचे काम वाढवतो आणि दुसऱ्याचे रोखतो. त्याचा परिणाम कपाळामागच्या भागावर लवकर दिसतो. पुढचा-मागचा विचार सुटतो आणि समोर जे ठळक दिसते तेवढेच उरते. अपमान दिसतो, त्याच्यामागचा गैरसमज दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ याला दारूमुळे येणारी ऱ्हस्व दृष्टी म्हणतात.

पण इथेही एक गंमतीदार प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७५ मध्ये ॲलन लँग आणि सहकाऱ्यांनी ९६ पुरुषांना पेय दिले. निम्म्यांना सांगितले, यात वोडका आहे. निम्म्यांना सांगितले, नुसते टॉनिक वॉटर आहे. प्रत्यक्षात दोन्ही गटांतल्या निम्म्या लोकांच्या पेल्यात वोडका होती आणि निम्म्यांच्या पेल्यात नव्हती. मग शिकवण्याच्या निमित्ताने समोरच्याला विजेचे झटके देण्याची मुभा त्यांना दिली. आपण वोडका प्यायलो असे ज्यांना वाटत होते, त्यांनी अधिक तीव्र झटके दिले, मग पेल्यात वोडका असो वा नसो! ‘प्यायल्यावर असेच वागायचे असते’ ही समजूतही आपल्याला ‘चढते’, हे यावरून दिसते. म्हणून मद्यार्क निर्दोष ठरत नाही. पुढे १९९० मध्ये बुशमन व कूपर यांनी अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा मद्यार्काचा स्वतःचा परिणामही स्पष्ट दिसला. पण मुले दारूबरोबर दारूड्याचे वागणेही आधी घरात, गल्लीत आणि पडद्यावर पाहून शिकतात, ही गोष्ट शिक्षकाच्या कामाची आहे.

दोन्ही एकत्र आल्यावर

जास्त दारू झाली की साधारणपणे माणसाला ग्लानी येते. ही ग्लानी एका अर्थाने राखणदार आहे. ती पिणे थांबवते. अमेरिकेतील लिंडा स्पिअर यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की किशोरवयीन प्राण्यांना मद्यार्काची ही ग्लानी प्रौढांपेक्षा कमी येते. म्हणजे कोवळ्या वयात हा राखणदार आधीच अर्धा झोपेत असतो. त्यात कॅफीन मिसळले तर थकव्याची उरलीसुरली घंटाही बंद होते. विचारशक्ती मंद झालेली आणि अंगात मात्र जाग, अशी अवस्था होते.

ब्राझीलमध्ये २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २६ तरुणांना कधी नुसती दारू, कधी एनर्जी ड्रिंकबरोबर दारू दिली. मिश्रण घेतल्यावर त्यांना डोकेदुखी, अशक्तपणा कमी जाणवला, हातापायांवर ताबा असल्यासारखेही वाटले. चाचणीत मात्र ताबा तितकाच सुटलेला होता आणि श्वासातील मद्यार्कही तेवढाच होता. पुढच्या काही आढाव्यांत, विशेषतः २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात, नशा कमी ‘जाणवण्याचा’ हा परिणाम दिसला नाही. त्या मुद्द्यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत. एका मुद्द्यावर मात्र मतभेद नाहीत. कॅफीनने रक्तातील मद्यार्क कमी होत नाही. यकृत आपल्या ठरलेल्या गतीनेच त्याचा निकाल लावते. कडक कॉफी किंवा लिंबूपाणी दिले की ‘उतरते’ ही समजूत म्हणूनच खोटी आणि धोक्याची आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन मिसळलेली मद्ये विकणाऱ्या चार कंपन्यांना तंबी दिली आणि ती पेये बाजारातून गेली. घरी किंवा टेकडीवर बसून दोन बाटल्या एकत्र करणाऱ्यांना असा कायदा थांबवू शकत नाही. तिथे ज्ञानच उपयोगी पडते.

आपल्या शहरात

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, बिअर हा परका विषय नाही. वाळूजसह शहराभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत मद्याचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने या कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि पुढे ६० टक्के कपात करायला लावली, तेव्हा हा उद्योग केवढा आहे ते देशाला कळले. आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरची चूल याच कारखान्यांच्या पगारावर पेटते. म्हणून दारूवर सरसकट प्रवचन देणारा शिक्षक काही मुलांना नकळत दुखावतो. मेंदूचे आणि वयाचे कारण सांगितले तर कोणाचाच अपमान होत नाही.

कायदाही वयाचाच विचार करतो. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वये आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार १८ वर्षांखालील मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथे गुन्हेगार मूल नसून देणारा असतो, हे मुलांना मुद्दाम सांगावे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणी अहवालानुसार देशात १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी १.३ टक्के मुले मद्य घेतात. प्रमाण लहान वाटते, पण संख्या सुमारे ३० लाख होते.

शिक्षकांना आणखी एक शब्द माहीत हवा. ‘बटण’ नावाच्या नशेच्या गोळ्या पकडल्याच्या बातम्या शहरातील वर्तमानपत्रांत येत असतात. नायट्राझेपामसारखी ही मुळात झोपेची औषधे आहेत. तीही मेंदूतील गाबाच्याच ग्राहींवर काम करतात. त्यामुळे दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, आणि काही जणांत शांत होण्याऐवजी उलट बेभान वर्तन दिसते.

वर्गात काय करता येईल?

आमच्या मते पहिला प्रश्न बाटलीबद्दल नसावा, झोपेबद्दल असावा. ‘काल किती वाजता झोपलास?’ या प्रश्नाला मूल खरे उत्तर देते, ‘काय पितोस?’ म्हटले की खोटे बोलते. आठवी ते दहावीच्या मुलांना दोन आठवडे एक वही ठेवायला सांगावी. नाव घालायचे नाही. झोपण्याची व उठण्याची वेळ, दिवसभरातला चहा, कॉफी, थंड पेये आणि ती घेतल्याची वेळ, आणि दिवसात किती वेळा राग अनावर झाला, एवढेच लिहायचे. मग सगळ्या वर्गाचा आलेख काढावा. कॅफीनचा संबंध रागाशी जास्त दिसतो की झोपेचा, हे मुलांनी स्वतः पाहावे. संबंध आणि कारण यांतला फरक शिकवायला याहून चांगला पाठ मिळणार नाही.

दुसरा उपक्रम भूगोलाचा आणि गणिताचा. शाळेच्या परिसराचा नकाशा घेऊन ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.७८५ चौरस किलोमीटर येते. औरंगपुरा, खोकडपुरा यांसारख्या भागात जवळजवळच्या शाळांची वर्तुळे एकमेकांत शिरतात, हे मुलांच्या लक्षात येईल. नियमाची अंमलबजावणी कोणी आणि कशी करायची, ही चर्चा आपोआप सुरू होईल. रिकाम्या बाटल्यांवरची सूचना भिंगातून वाचून एका बाटलीतील कॅफीन काढण्याचे उदाहरणही सोडवून घ्यावे.

आणि एखाद्या मुलाच्या तोंडाला दारूचा वास आलाच, तर सर्वांसमोर झाडाझडती घेऊ नये. त्याला आधी सुरक्षित जागी बसवावे, एकटे सोडू नये आणि कॉफी पाजून घरी पाठवू नये. उठवूनही जाग येत नसेल, श्वास मंद वाटत असेल, तर एका कुशीवर निजवून तातडीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोलणे दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीत आणि झोप झालेला असताना करावे.

आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले महिन्याभरात कधी ना कधी दारूने झिंगल्याचे सांगत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यासाठी तिथे भाषणांवर भिस्त ठेवली नाही. मुलांना खेळ व संगीतासाठी पैसे आणि जागा मिळाली, १६ वर्षांखालील मुलांनी रात्री उशिरा एकट्याने बाहेर राहू नये हा नियम पाळला गेला, पालक एकत्र आले आणि प्रत्येक शाळेला स्वतःच्या मुलांची माहिती दरवर्षी मिळत गेली. आपल्याकडे तेवढा पैसा नसेल. पण संध्याकाळी उघडे राहणारे शाळेचे मैदान, सकाळी सहाऐवजी सातला भरणारा क्लास आणि पालकसभेत झोपेवर अर्धा तास, या तीन गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. दुकानातली बाटली हटवण्याचे काम सरकारचे आहे. रात्रीची झोप परत मिळवून देण्याचे काम मात्र शाळा आणि घर मिळूनच करू शकतात.